बागही हवी, शिलाईही हवी!

भगिनींनो, जानेवारीची थंडी ओसरू लागली की आपल्या घरात दोन कामे एकाच वेळी दारात येऊन उभी राहतात. भेंडी, गवार, दोडका, कारली या उन्हाळी भाज्यांचे बी याच दिवसांत मातीत पडायला हवे. आणि १४ एप्रिल जवळ येऊ लागते, म्हणून पोरांचे पांढरे सदरे, मुलींचे फ्रॉक, सासूबाईंचे पोलके, बाळाचे झबले हेही याच दिवसांत शिवायला घ्यावे लागते. त्यातच शाळेच्या परीक्षा, लग्नसराई आणि नळाला कमी झालेले पाणी. ज्या बाईला माती आणि मशीन या दोन्हींची आवड आहे, तिची या तीन महिन्यांत नुसती ओढाताण होते.

मग घरातून एक सल्ला हमखास ऐकू येतो. “एवढे हाल करून घेण्यापेक्षा दोन्हीतले एक काहीतरी सोड ना!” आम्हाला हा सल्ला मान्य नाही. दोन्ही सांभाळता येते. मात्र त्यासाठी काही हिशेब बाईने करायचा आहे आणि काही हिशेब घराने करायचा आहे. त्या दोन्ही हिशेबांविषयी आज लिहीत आहोत.

पण आधी हे विचारू या, की सोडायचे का नाही? कपड्याची गोष्ट आपल्या समाजात कधीच साधी नव्हती. लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणता दागिना घालावा, हेसुद्धा दुसऱ्यांनी ठरवून दिलेले होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि ते जड दागिने सोडून द्या, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतले. तेव्हा आपल्या पसंतीचे कापड आणून, आपल्या मापाने बेतून, आपल्या हाताने शिवणे याला आपल्या घरात निव्वळ हौस म्हणता येत नाही. मातीचेही तसेच आहे. ज्या बायकांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केली, त्यांच्यापैकी फार थोड्यांना स्वतः लावलेले स्वतःच्या घरी खाण्याचे सुख मिळाले. आज त्यांची नात गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादलीत भेंडी लावते, तेव्हा त्या बादलीतली माती तरी तिची स्वतःची असते.

आता पहिला हिशेब, म्हणजे दिवसांचा. बहुतेक ओढाताण होते ती सगळे काम मार्चवर ढकलल्यामुळे. भेंडीचे बी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकले तर साधारण ४५ ते ५० दिवसांनी, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली भेंडी हाताला लागते. त्यानंतर एक दिवसाआड तोडा करावाच लागतो, नाहीतर भेंडी निबर होते आणि झाडाचे पुढचे फळणेही मंदावते. दोडका, कारली यांना त्याहून थोडे जास्त, सुमारे ५५ ते ६० दिवस लागतात. लाल माठ मात्र २५-३० दिवसांत काढणीला येतो. म्हणजे बागेचे जड काम सुरुवातीला आहे, मधल्या दिवसांत फक्त पाणी घालायचे आहे, आणि तोडणीचे काम शेवटी आहे. मधले जे चार-पाच आठवडे मिळतात ते शिलाईचे. निसर्गानेच ही फट ठेवलेली आहे. ती वापरली पाहिजे.

म्हणून आमचा क्रम असा असतो. जानेवारीचा शेवटचा आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा मातीचा. बादल्यांना खालून भोके पाडायची, दोन वाटे माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि एक वाटा वाळका पालापाचोळा असे कालवून भरायचे आणि बी लावायचे. याच आठवड्यांत बाजारातून कापड आणून ठेवायचे. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मापांचा आणि कापण्याचा. रोपे तेव्हा लहान असतात, ती फक्त पाणी मागतात. मार्चचे पहिले तीन आठवडे मशीनचे. मार्चअखेर तोडणी सुरू झाली की मशीन बाजूला, आणि हातात फक्त तुरपाई, हूक, काज-बटण. ही कामे भाजी निवडून झाल्यावर उंबऱ्यावर बसूनही होतात. १० एप्रिलला सगळे कपडे घडी होऊन पेटीत गेले पाहिजेत.

दुसरा हिशेब दिवसाच्या प्रहरांचा. माती आणि मशीन यांची वेळ खरे तर वेगवेगळी आहे. झाडांना पाणी सकाळी ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्यावे. भर दुपारी दिलेले पाणी लवकर उडून जाते. शिलाईला मात्र दुपारचा लख्ख उजेड लागतो. ज्या भगिनी दिवसभर कामावर असतात त्यांना दुपार फक्त सुट्टीच्या दिवशी मिळते. त्यांनी काळे, निळे, गडद कापड त्या दुपारसाठी राखून ठेवावे, कारण गडद कापडावरची गडद टीप दिव्याच्या उजेडात नीट दिसत नाही. पांढरे कापड रात्री शिवले तरी चालते. पायमशीनला वीज लागत नाही हाही एक फायदाच.

मातीतून उठून थेट पांढऱ्या कापडाला हात लावू नये, हे सांगायला नकोच. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मातीत काम करून हात कोरडे पडतात, बोटांना बारीक चिरा पडतात, आणि मग रुबियासारखे तलम कापड शिवताना त्या चिरांत धागा अडकून ओढला जातो. भेंडी तोडतानाही तिच्या बारीक लवेने हाताला खाज सुटते. त्यासाठी जुना सुती मोजा हातात चढवून तोडणी करावी. हातांना खोबरेल तेल लावावे, पण ते शिलाई संपल्यावर, झोपताना. आधी लावले तर तेलाचे बोट सदऱ्याच्या कॉलरवर उमटलेच म्हणून समजा. मशीनला तेलसुद्धा आदल्या रात्री द्यावे आणि सकाळी एखाद्या चिंधीवर दोन-चार टिपा मारून मगच पांढरे कापड घ्यावे.

कापडाविषयीही थोडे. सुती कापड पहिल्या धुण्याला आटते. म्हणून ते कापण्याआधी दोन-तीन तास साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाहीतर १४ एप्रिलला ऐटीत बसलेला सदरा पुढच्या महिन्यात बुद्धपौर्णिमेला आखूड होतो. पोरांचे कपडे बेतताना कडेला दीड इंच आणि खाली दुमडीला दोन-तीन इंच माया सोडावी. मूल वर्षभरात वाढते. आत माया असली की उसवून तोच फ्रॉक आणखी एक वर्ष अंगात जातो. तयार कपड्यात ही माया बहुधा नसते. कापड वाचवण्यासाठी काठाशीच टीप मारलेली असते. घरच्या शिलाईचा खरा फायदा इथे आहे.

माती आणि मशीन एकमेकांच्या उपयोगालाही येतात. शिवताना पडलेल्या सुती चिंध्या फेकू नयेत. दोडक्याचा वेल सुतळीने बांधला की कोवळी दांडी काचते, चिंधीने बांधला तर काचत नाही. जाड सुती चिंध्यांची वेणी घालून तिचे एक टोक पाण्याच्या भांड्यात आणि दुसरे कुंडीच्या मातीत पुरले की पाणी हळूहळू झिरपत राहते. दोन दिवस गावी जायचे असले तर ही युक्ती चांगली. टेरिकॉटची चिंधी मात्र पाणी नीट ओढत नाही आणि मातीत कुजतही नाही, ती खतात टाकू नये. कारल्याचे टणक बी रात्रभर भिजवून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवावे, मोड लवकर येतो. मार्चचे ऊन कडक झाले की जुन्या सुती साडीचा तुकडा चार काठ्यांवर ताणून कोवळ्या रोपांवर दुपारची सावली करावी. आणि मातीवर वाळका पाला, उसाची चिपाडे, नारळाच्या शेंड्या पसरून ठेवल्या की ओल टिकते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांनाच घालावे. पाणी भरण्याची एक खेप वाचली तर तेवढाच वेळ मशीनला मिळतो.

रोगाचेही पाहावे लागते, पण त्याला फार वेळ लागत नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर तो हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते. असे झाड सुधारत नाही, ते उपटून टाकावे म्हणजे बाकीची वाचतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण काढला तेव्हा या रोगाला बराच दाद देत नव्हता. तो सरळ वाण असल्यामुळे एक-दोन चांगल्या शेंगा झाडावरच वाळवून घरचे बी धरता येते. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या वर्षी तसेच झाड येईल याचा भरवसा नसतो. मावा, तुडतुडे दिसले तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सुती फडक्याने गाळून, त्यात साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

इथवरचा हिशेब बाईचा झाला. पण तो कितीही चोख केला, तरी एका बाईचे हात दोनच आणि दिवसाचे तास चोवीसच. म्हणून आता घराचा हिशेब.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. सकाळी अंगणवाडीत मदतनीस, दुपारी घरकाम, संध्याकाळी मशीन. नवरा रखवालदार, त्याची रात्रपाळी. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये वहिनींकडे शेजारपाजारचे चौदा ब्लाऊज, घरातले सात कपडे आणि अंगणात दहा बादल्या भेंडी, असा पसारा होता. रात्री एक-एक वाजेपर्यंत मशीनचा आवाज यायचा. एका सकाळी त्यांनी सुकलेल्या रोपांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मशीन विकून टाकते. नाहीतर या बादल्या तरी भंगारात देते. मी माणूस आहे की नाही?”

नवरा नुकताच पाळीवरून आला होता. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अगं, मशीन विकू नको. मी सकाळी साडेसातला येतोच. झाडांना पाणी मी घालत जाईन.” आणि हळूच पुढे म्हणाला, “पण गल्लीत सांगू नको.”

त्या बोलण्याला आम्ही तेव्हा हसलो होतो, पण त्यात बरेच काही आहे. बाजारात कपडे शिवणारा पुरुष असला तर आपण त्याला आदराने ‘मास्टर’ म्हणतो. बंगल्यात बाग राखणाऱ्या माळ्याला दरमहा पगार असतो. पण तेच काम घरात बाई करते, तेव्हा त्याला ‘आवड’ म्हणतात. आवड म्हटले की तिला वेळ द्यायला नको, मोबदला द्यायला नको, हातभार लावायला नको. आणि पुरुषाने घरच्या झाडाला पाणी घातले तर ते लपवायची गोष्ट होते. असे का व्हावे? समता आपण सभेत मागतो, ती आपल्या अंगणातल्या बादलीपर्यंत यायला नको का?

त्या घरात पुढे जे झाले ते सांगण्यासारखे आहे. वहिनींनी एक वही केली. शेजारणींचे ब्लाऊज कोणत्या तारखेला आले, कधी द्यायचे आणि शिलाई किती, हे त्या वहीत लिहू लागल्या. “तेवढा एक ब्लाऊज शिवून दे गं, घरचीच तर आहेस,” असे कुणी म्हटले तर त्या हसून वही पुढे करतात. चौदाऐवजी आठच ब्लाऊज घेतात, पण आठांचेही पैसे हातात पडतात. पूर्वी चौदांतल्या सहा-सात जणी ‘पुढच्या महिन्यात देते’ म्हणायच्या. दहा बादल्यांच्या जागी आता चार बादल्या भेंडी, दोन बादल्या माठ आणि कुंपणावर एक दोडक्याचा वेल आहे. एवढे चार माणसांच्या घराला आठवड्यातून दोन-तीन वेळच्या भाजीला पुरते. मुलगा काज-बटण शिकला. सुरुवातीला मित्रांनी चिडवले, आता तोच मित्रांच्या शर्टाची बटणे लावून देतो. परीक्षेच्या दिवसांत मात्र दोन्ही मुलांना कामातून सुट्टी, हा त्या घरचा नियम. मुलीलाही तो तितकाच लागू आहे, हे विशेष. आणि नवऱ्याचे म्हणाल, तर गेल्या वर्षी तोच गल्लीतल्या लोकांना बोलावून दोडके दाखवत होता, “बघा, हा मी वाढवलाय!”

भगिनींनो, दोन आवडी सांभाळायच्या म्हणजे दोन्ही पूर्वीइतक्याच मोठ्या ठेवायच्या असे नाही. शिलाईचे काही काम एखादा दिवस पुढे ढकलता येते, तहानलेले रोप ढकलता येत नाही. म्हणून पेरताना आधी मोजावे, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या सगळ्याला पाणी घालायला आणि तोडायला घरातले कोणते दोन हात मोकळे असतील. तेवढेच लावावे. बादल्या कमी झाल्या म्हणून बाग लहान होत नाही, आणि कापड पुढच्या रविवारी शिवले म्हणून हातातली कला जात नाही. पण झोप मोडून, डोळे ताणून, चिडचिड करून केलेली बाग आणि शिलाई हळूहळू नकोशी होते. नकोशी झालेली गोष्ट माणूस सोडून देतो. मग मशीन कोपऱ्यात धूळ खाते आणि बादल्या भंगारात जातात. अशी कितीतरी मशीन आपल्या वस्त्यांतून कवडीमोलाने विकली गेलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांच्याबरोबर त्या बायकांची चार पैशांची मिळकतही गेली.

बंधूंनो, हे तुमच्यासाठीही आहे. पाण्याची झारी उचलायला शिक्षण लागत नाही. बॉबिन भरून देणे, पोरांची मापे लिहून घेणे, बाजारातून येताना दोऱ्याची रिळे आणणे, वेलाला मांडव घालणे ही पंधरा-वीस मिनिटांची कामे आहेत. ती तुम्ही केलीत तर तिची एक पूर्ण संध्याकाळ मोकळी होते.

या रविवारी जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. एका कागदावर १४ एप्रिलपर्यंतचे आठवडे आखावेत. कोणते बी कधी, कोणता कपडा कधी, पाणी कोण घालणार, तोडणी कोण करणार, परीक्षा कधी, पाळी कधी, हे सगळे त्यावर लिहावे आणि कागद मशीनजवळच्या भिंतीवर लावावा. फक्त एक लक्षात ठेवावे. सगळे दिवस काठोकाठ भरू नयेत. कुणी आजारी पडते, पाहुणे येतात, नळाला दोन दिवस पाणी येत नाही. पोराच्या सदऱ्यात आपण दीड इंच माया सोडतो ना? तशीच या कागदावर शेवटी चार दिवसांची माया सोडावी.